गच्चीवरचं विमान आणि जमिनीवरची तयारी

मुंबईत चारकोपला, लिफ्ट नसलेल्या एका इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान उभं राहिलं. बांधणारे कॅप्टन अमोल यादव पेशानं वैमानिक, मूळचे सातारा जिल्ह्यातले. त्यांचे आधीचे दोन प्रयत्न उडू शकले नव्हते. हे तिसरं विमान फेब्रुवारी 2016 मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिलं.

पाहणाऱ्याला वाटावं, आता उडवायचंच तेवढं राहिलं. पण व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळायला नोव्हेंबर 2017 उजाडला, उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर 2019 मध्ये आली आणि धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी उड्डाण झालं ऑगस्ट 2020 मध्ये. घरी बांधलेलं विमान नियमांच्या कोणत्या चौकटीत बसवायचं, यातच बराच काळ गेला. वाट पाहणं जिवावर येतं. तरीही विमान बांधून होणं आणि ते उडण्याजोगं होणं यांत मोठं अंतर असतं, आणि ते अंतर जमिनीवरच कापावं लागतं.

सुरुवात वजनकाट्यापासून होते. तिन्ही चाकांखाली काटे ठेवून आलेल्या आकड्यांवरून गुरुत्वमध्य काढतात. तो मर्यादेपेक्षा मागे सरकला की नाक वर उचलू लागतं, वेग पडतो आणि विमान सावरणं वैमानिकाच्या हातात राहत नाही. मग नियंत्रणं. काठी डावीकडे झुकवली की डाव्या पंखावरचं एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेची हलती पट्टी, वर आणि उजवीकडचं खाली जायला हवं. नियंत्रणाच्या तारा उलट जोडल्या गेल्यानं अनुभवी माणसांचेही जीव गेले आहेत. म्हणून ही तपासणी बांधणाऱ्यानं एकट्यानं करू नये; ज्यानं त्या तारा जोडलेल्या नाहीत, असा दुसरा माणूस हवाच.

इंधनाचंही तसंच. टाकीच्या तळातून थोडं इंधन पारदर्शक नळीत काढायचं आणि उजेडात धरायचं. पाणी जड, ते तळाशी बसतं. त्याचा वाटाण्याएवढा थेंब दिसला, तर पुन्हा काढायचं, स्वच्छ येईपर्यंत. वर गेल्यावर इंजिन बंद पाडायला तेवढा थेंब पुरतो.

यानंतर विमान दोरांनी बांधून इंजिन पूर्ण ताकदीनं चालवतात. तापमान, तेलाचा दाब, गळती पाहतात. मग धावपट्टीवर आधी हळू धाव, पुढे वेगानं. वेगाच्या धावेत विमान न सांगता उचललं जाऊ शकतं, त्यामुळे त्या दिवशीही उड्डाणाइतकीच तयारी लागते. पहिलं उड्डाण सकाळच्या शांत हवेत, विमानात वैमानिक एकटा. इंजिन बंद पडलंच तर कुठे उतरायचं, हे आधी ठरलेलं. उडताच कमी उंचीवर इंजिन गेलं, तर मागे वळायचा मोह टाळून समोर मिळेल त्या जागी उतरायचं. अमेरिकेत अशा विमानाला सहसा 40 तासांपर्यंत चाचणी उड्डाणं करावी लागतात. तोवर प्रवासी नेता येत नाहीत.

यादव ज्या भागातले, त्या सातारा-सांगलीकडे हाताच्या कारागिरीची वाण नाही. 1910 मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीनं लोखंडी नांगरापासून यंत्रांचा वारसा दिला. कोयना धरणाच्या काळातली कराडची धावपट्टी आजही आहे. कवलापूरला विमानतळ व्हावा ही सांगलीकरांची जुनी मागणी आहे. उद्या इथल्या एखाद्या शेडमध्ये पंख जोडले गेले, तर मला आनंदच होईल. त्या शेडमध्ये एक वही मात्र पहिल्या दिवसापासून असावी. रोज काय तपासलं, काय चुकलं, कोणी पाहिलं, हे तिच्यात लिहिलेलं असावं. पहिल्या उड्डाणाच्या सकाळी आईनं 'नीट ये' म्हटल्यावर 'येतो' म्हणण्याचा हक्क त्या वहीच्या पानांनीच मिळतो.