घोट्यांवरची सूज आणि गोळ्यांची जोडी

अॅम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी सुरू केल्यावर काही जणांचे घोटे संध्याकाळपर्यंत सुजतात. मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ उमटतो, बोटाने दाबलं तर खळगा पडतो. ‘किडनी बिघडली’ या धास्तीने गोळी परस्पर बंद केली जाते, आणि बीपी पुन्हा चढतं. सुजेमागे हृदय, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार नाही ना, हे डॉक्टरांनी पाहायलाच हवं. पण बहुतेकदा कारण त्या गोळीच्या कामातच असतं.

धमन्यांच्या भिंतीतले स्नायू आवळायला कॅल्शियम लागतं. अॅम्लोडिपिन त्याची पेशीत शिरण्याची वाट अडवतं. बारीक धमन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. शिरांवर मात्र या औषधाचा फारसा परिणाम होत नाही. केशवाहिन्यांच्या जाळ्यात रक्त येण्याचा रस्ता ऐसपैस झाला, बाहेर पडण्याचा होता तेवढाच राहिला. तिथला दाब वाढतो, पाणी झिरपून आजूबाजूला साठतं. दिवसभर उभं राहिलं की आधी घोट्यांत. डोस वाढवला की सूजही वाढते.

अशा सुजेवर लघवीची गोळी देण्याची सवय मला चुकीची वाटते. अंगात मीठ-पाणी जास्त झालेलं नसतंच, त्यामुळे सूज फारशी हटत नाही. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल जोडीला दिलं, तर अँजिओटेन्सिन या रक्तवाहिन्या आवळणाऱ्या द्रव्याचा जोर ओसरतो आणि शिराही सैलावतात. बीपी आणखी उतरतं, सूज कमी होते.

लघवीच्या गोळीची खरी जागा वेगळी, रक्तदाब उतरवण्यात. क्लोरथॅलिडोनसारखी गोळी मीठ-पाणी बाहेर काढते. रक्ताचं आकारमान घटल्याचं जाणवताच मूत्रपिंड रेनिन सोडतं, त्यातून अँजिओटेन्सिन वाढतं आणि धमन्या पुन्हा आवळतात. एका गोळीने जे कमावलं, ते शरीर असं परत घेतं. सोबत टेल्मिसार्टन असेल, तर हा डाव फसतो. म्हणूनच एका औषधाचा डोस दुप्पट करण्यापेक्षा वेगळ्या गटातलं दुसरं औषध जोडल्याने रक्तदाब सुमारे पाचपट अधिक उतरतो, असं 42 चाचण्यांच्या 2009 मधल्या एकत्रित विश्लेषणात दिसलं.

पण दोन गोळ्या एकाच वाटेवर काम करत असतील, तर गणित उलटतं. टेल्मिसार्टन आणि रामिप्रिल दोन्ही अँजिओटेन्सिनवरच रोखलेली. ‘ऑनटार्गेट’ या 25,000हून अधिक रुग्णांच्या चाचणीत एका गटाला ती एकत्र दिली गेली. 2008 मध्ये निष्कर्ष आले: हृदयविकार किंवा पक्षाघात टाळण्यात जादा फायदा शून्य, बीपी फार उतरणं, चक्कर येऊन पडणं आणि मूत्रपिंडाचं बिघडणं मात्र वाढलेलं.