शिखर दिसत असताना माघारी का?

आपल्या संभाजीनगरच्या मनीषा वाघमारे मे २०१८ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचल्या. पण त्याआधी २०१७ मध्ये, शिखर थोडंच उरलेलं असताना, खराब हवेमुळे त्या माघारी फिरल्या होत्या. आमच्या गटाच्या बैठकीत एकीने विचारलंच, "अगं, एवढं जवळ जाऊन परत कशाला यायचं?"

आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, एव्हरेस्ट ८,८४९. तिथे एका श्वासात आपल्या गावातल्यापेक्षा साधारण तिसरा हिस्साच प्राणवायू मिळतो. म्हणून बहुतेक जण पाठीवर सिलिंडर नेतात. तो मोजकाच. वारा सुटला की थांबावं लागतं, आणि थांबलं तरी सिलिंडर रिकामा होतच राहतो. रात्री शेतात पाणी द्यायला जाताना आपण बॅटरी परत येण्यापुरती राखतोच ना, तसंच हे.

खाली उतरणंही सोपं नाही. नेपाळच्या बाजूने खुंबू हिमनदी लागते. नदी म्हणायची, पण गोठलेली, आणि तरी हळूहळू सरकणारी. सरकताना खोल भेगा पडतात. त्यांवर शिड्या आडव्या टाकून जायचं. उन्हाने बर्फ सैल होतो, म्हणून शक्यतो अंधारातच निघतात.

मनीषाताई वर्षभराने पुन्हा गेल्या, तेव्हा हवेने साथ दिली.