कारल्याचा कडूपणा आणि दुध्याचा कडूपणा

कडू कारलें तुपांत तळलें, साखरेंत घोळलें, तरी कडू तें कडूच, अशी म्हण आपल्याकडे प्रसिद्ध आहे. म्हणीचा रोख मनुष्यस्वभावावर आहे. स्वयंपाकघरांत ती अर्धीच खरी ठरते. कारल्याचा कडूपणा समूळ जात नाहीं, परंतु तो जिभेस रुचेल इतका सौम्य खास करतां येतो.

पाव किलो कोवळीं कारलीं घेऊन वरची खडबडीत साल हलकेंच खरवडावी. उभीं चिरून जून बिया व आंतील गर काढावा, पातळ काप करावे व त्यांस लहान चमचाभर मीठ चोळून अर्धा तास ठेवावें. मिठानें पाणी सुटतें व त्याबरोबर कडू अंशहि कांहीं प्रमाणांत निघतो. शिवाय मिठामुळें जिभेस कडू चव कमी जाणवते. काप घट्ट पिळून तेलावर नरम होईपर्यंत परतावे. चिंचेचा कोळ मागाहून घालावा. आंबट आधीं पडल्यास काप लवकर शिजत नाहींत. शेवटीं गूळ व भाजलेल्या तिळांचा कूट घालून एक वाफ आणावी.

दुध्या, काकडी व दोडका यांची गोष्ट मात्र निराळी आहे. कारल्यास कडूपणा जातीचाच आहे. दुध्यास तो असतां कामा नये. तो आल्यास कुकुरबिटासिन नांवाच्या विषारी द्रव्याचें तें लक्षण समजावें. शिजविल्यानें हें द्रव्य नाहींसें होत नाहीं. गुळानें चव झांकेल, विष तसेंच राहील. त्यापासून पोटांत कळा, जुलाब, रक्ताच्या उलट्या व प्रसंगीं मृत्यूहि ओढवतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें नेमलेल्या तज्ज्ञ समितीच्या २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांतहि कडू दुध्या टाकून द्यावा, असेंच सांगितलें आहे.

गेल्या पावसाळ्यांत आमच्याच घरीं असा दुध्या निघाला. घरच्या वेलाचा म्हणून टाकण्यास कोणाचें मन घेईना, व गूळ वाढविण्याचा बेत चालला होता. तो वेळींच मोडला.

तरी दुध्या चिरतांना दोन्ही टोकांचा लहानसा तुकडा जिभेस लावून पाहावा. कडू लागल्यास थुंकून चूळ भरावी व सबंध फळ टाकावें. गुरांसहि घालूं नये. त्या वेलाचें बीं तर मुळींच राखूं नये, आणि कडू भोपळ्याचा रानवेल जवळपास असल्यास तो उपटून टाकावा. त्याच्या परागानें धरलेल्या बियांपासून पुढील वर्षीं कडू फळें येण्याचा संभव असतो.