परभाषिक निवेदनासाठी आवाजाची निवड

परभाषिक निवेदनासाठी आवाजाची निवड म्हणजे मूळ आशय ज्या भाषेत तयार झाला, तिच्याहून वेगळी भाषा बोलणाऱ्या श्रोत्यांसाठी निवेदक किंवा आवाज-कलावंत ठरवण्याची प्रक्रिया. माहितीपट, वृत्तपट, जाहिराती, चित्रपट व मालिकांचे डबिंग, शैक्षणिक ध्वनिफिती, यंत्रे किंवा औषधे वापरण्याच्या बोलक्या सूचना आणि दूरध्वनीवरील उद्घोषणा यांसाठी अशी निवड करावी लागते. निवड करणाऱ्या व्यक्तीला किंवा संस्थेला श्रोत्यांची भाषा बहुधा येत नाही, हे या प्रक्रियेचे वैशिष्ट्य आहे. आवाज मधुर आहे की नाही हे भाषा न जाणणाऱ्यालाही सांगता येते. मात्र उच्चार शुद्ध आहे का, शब्द श्रोत्याच्या वापरातला आहे का आणि वाक्याचा रोख योग्य आहे का, हे ती भाषा बोलणाराच सांगू शकतो. त्यामुळे त्या भाषेच्या जाणकार परीक्षकाचा सहभाग हा या निवडीचा पाया मानला जातो.

== प्रकार ==

परभाषिक निवेदनाचे स्थूलमानाने तीन प्रकार आहेत.

* पार्श्वनिवेदन : पडद्यावर न दिसणारा निवेदक संपूर्ण संहिता वाचतो. माहितीपट व प्रशिक्षणपट यांत ही पद्धत रूढ आहे.
* अध्यारोपित अनुवाद : मूळ वक्त्याचा आवाज प्रारंभी काही क्षण ऐकू येतो, नंतर तो मंद होतो आणि त्यावर अनुवाद ऐकवला जातो. बातम्यांतील मुलाखतींत हा प्रकार आढळतो. पोलंडमध्ये दूरचित्रवाणीवरील परदेशी चित्रपटांतही सर्व पात्रांचे संवाद एकच निवेदक अशा प्रकारे वाचतो.
* डबिंग : मूळ संवाद काढून त्यांच्या जागी पात्राच्या ओठांच्या हालचालींशी जुळणारे नवे संवाद भरले जातात. जर्मनी, इटली व स्पेन या देशांत ही पद्धत विशेष रुजली आहे.

पहिल्या प्रकारात स्पष्टता आणि विश्वासार्हता, दुसऱ्यात संयम, तर तिसऱ्यात अभिनय व वेळेचे भान हे गुण अधिक महत्त्वाचे ठरतात. एका प्रकारात निष्णात असलेला कलावंत दुसऱ्या प्रकारात तितकाच उपयुक्त ठरेल असे नाही.

== इतिहास ==

=== नभोवाणी ===

दूरदेशीच्या श्रोत्यांसाठी त्यांच्या भाषेत बोलणारा आवाज शोधण्याची गरज नभोवाणीमुळे ठळक झाली. आकाशवाणीच्या परदेश प्रसारण सेवेचा आरंभ १ ऑक्टोबर १९३९ रोजी अफगाणिस्तानातील श्रोत्यांसाठीच्या पश्तू प्रसारणाने झाला.

मराठीपुरते पाहता या विषयाचे महत्त्वाचे जुने उदाहरण लंडनमधील आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, बीबीसीने मराठी प्रसारण सुरू केले. इंग्रज लेखक जॉर्ज ऑरवेल हे १९४१ ते १९४३ या काळात बीबीसीच्या भारतविषयक विभागात नोकरीस होते. त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या वार्तापत्रांचा मराठी व गुजराती या भाषांत अनुवाद होत असे. वेणू चितळे या मराठी लेखिकाही याच विभागात कार्यरत होत्या. संहिता लिहिणाऱ्या ऑरवेल यांना मराठी अवगत नव्हती आणि ऐकणारे श्रोते मराठीभाषक होते. या दोहोंमधील दुवा म्हणजे अनुवादक आणि निवेदक. सरकारी वृत्तावर श्रोत्यांचा विश्वास बसणे वा न बसणे पुष्कळ अंशी त्यांच्या भाषेवर अवलंबून होते. बीबीसीचे हे मराठी प्रसारण १९५८ मध्ये बंद झाले. २०१७ मध्ये बीबीसी मराठी ही सेवा नव्या स्वरूपात सुरू करण्यात आली.

=== चित्रपट व वृत्तपट ===

बोलपटांच्या आरंभकाळात डबिंगऐवजी एकच कथा दोन भाषांत स्वतंत्रपणे चित्रित करण्याचा मार्ग प्रभात फिल्म कंपनीने अवलंबिला. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा बोलपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत तयार झाला. ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटाची हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’, तर ‘माणूस’ (१९३९) या चित्रपटाची ‘आदमी’ या नावाने प्रदर्शित झाली. या पद्धतीत नटाचा स्वतःचा आवाज कायम राहत असे. मात्र दोन्ही भाषांवर प्रभुत्व असलेले नट मिळणे आवश्यक होते.

१९४८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने वृत्तपट व माहितीपट अनेक भारतीय भाषांत प्रसृत केले. चित्रे तीच आणि निवेदन मात्र प्रत्येक भाषेत वेगळे, अशी ही व्यवस्था होती. पुढे १९९४ मध्ये ‘जुरासिक पार्क’ची हिंदीत डब केलेली आवृत्ती यशस्वी ठरली आणि परदेशी चित्रपट भारतीय भाषांत आणण्याच्या व्यवसायाला मुंबईत गती मिळाली. याउलट ‘श्वास’ (२००४) आणि ‘कोर्ट’ (२०१४) यांसारखे मराठी चित्रपट परदेशी प्रेक्षकांपर्यंत मुख्यतः उपशीर्षकांच्या साहाय्याने पोहोचले.

== निवडीचे निकष ==

=== भाषेवरील प्रभुत्व ===

ज्या भाषेत निवेदन करायचे ती कलावंताची मातृभाषा असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. तथापि जन्मभाषेपेक्षा श्रोत्यांना आपलीशी वाटणारी वाणी हा अधिक नेमका निकष होय. मराठीभाषक कुटुंबातील, परंतु ग्वाल्हेर येथे वाढलेले अभिनेते शरद केळकर यांनी ‘बाहुबली’ चित्रपटांच्या हिंदी आवृत्तीत प्रभास यांना आवाज दिला. ‘पुष्पा’ (२०२१) या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत अल्लू अर्जुन यांच्यासाठी श्रेयस तळपदे यांचा आवाज वापरण्यात आला. या दोन्ही आवृत्त्या हिंदी प्रेक्षकांनी स्वीकारल्या.

=== भाषेचे प्रादेशिक रूप ===

एकाच नावाची भाषा सर्वत्र सारखी नसते. स्पॅनिश भाषेची स्पेनमधील आणि लॅटिन अमेरिकेतील रूपे, पोर्तुगीजची पोर्तुगाल व ब्राझीलमधील रूपे यांसाठी सामान्यतः वेगवेगळे कलावंत निवडले जातात. अरबीमध्ये बातम्यांसाठी प्रमाण अरबी, तर मनोरंजनासाठी इजिप्शियनसारखी बोलरूपे वापरली जातात. म्हणून ‘कोणत्या भाषेत’ एवढेच न विचारता ‘कोणत्या प्रदेशातील, कोणत्या श्रोत्यांसाठी’ हेही आधी निश्चित करावे लागते.

=== आवाजाची जात, वय व गती ===

आशयानुसार कलावंताचे वय, आवाजाची पट्टी आणि वाचनाची गती ठरते. अनुवादित वाक्य मूळ वाक्यापेक्षा लांब होते तेव्हा ते ठरलेल्या वेळेत बसवण्यासाठी निवेदक घाईने वाचू लागतो. अशा वेळी वाचनाची गती वाढवण्यापेक्षा संहिता संक्षिप्त करणे इष्ट समजले जाते.

=== प्रसिद्धी ===

प्रसिद्ध अभिनेत्याचा आवाज घेतल्यास प्रेक्षकांचे लक्ष वेधले जाते. ‘द जंगल बुक’ (२०१६) या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत शेरखानसाठी नाना पाटेकर यांचा आवाज होता. १९९०च्या दशकात दूरदर्शनवर गाजलेल्या मालिकेतही शेरखानला त्यांनीच आवाज दिला होता. माहितीपर निवेदनात मात्र ओळखीच्या आवाजामुळे श्रोत्याचे लक्ष आशयाऐवजी व्यक्तीकडे जाण्याचा संभव असतो.

== मराठी निवेदनातील विशेष बाबी ==

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या सुमारे ८.३ कोटी आहे. मराठी व हिंदी यांची लिपी एकच असल्यामुळे हिंदी निवेदकाकडून मराठी संहिता वाचून घेता येईल, असा समज अमराठी निर्मात्यांमध्ये आढळतो. पुढील बाबींमुळे तो फसवा ठरतो.

* च, ज, झ यांचे उच्चार : मराठीत या वर्णांचे तालव्य आणि दंततालव्य असे दोन उच्चार आहेत, लेखनात मात्र फरक दिसत नाही. ‘जलद’ हा शब्द मेघ या अर्थी तालव्य, तर वेगाने या अर्थी दंततालव्य उच्चारला जातो. ‘माझा’ आणि ‘माझे’ यांतील ‘झ’ही भिन्न आहे.
* ळ : ‘वेळ’ आणि ‘वेल’, ‘काळा’ आणि ‘काला’ हे वेगळे शब्द आहेत. ‘ळ’चा ‘ल’ झाल्यास अर्थ बदलतो.
* ज्ञ व ऋ : ‘ज्ञान’ व ‘कृपा’ यांचे मराठी उच्चार अनुक्रमे ‘द्न्यान’ व ‘क्रुपा’ असे होतात, हिंदीत ते ‘ग्यान’ व ‘क्रिपा’ यांजवळ जातात.
* संख्यावाचन : ‘सव्वा’, ‘दीड’, ‘अडीच’, ‘साडेतीन’ हे अपूर्णांक आणि ‘एकोणसाठ’, ‘एकोणसत्तर’ यांसारख्या संख्या चुकीच्या वाचल्या गेल्यास सूचनेचा अर्थच बदलतो.

=== प्रमाणभाषा आणि बोली ===

मराठीचे प्रमाणरूप मुख्यतः पुणे परिसरातील शिष्ट भाषेवर आधारलेले आहे. बहुतेक व्यावसायिक ध्वनिमुद्रण मुंबईत होते. हे निवेदन ऐकणारा श्रोता मात्र मुंबई-पुण्यापासून दूर असू शकतो. हिंगोली जिल्ह्यातील गोरेगाव (तालुका सेनगाव) हे गाव उदाहरणादाखल घेता येईल. चित्रनगरीमुळे प्रसिद्ध असलेल्या मुंबईच्या उपनगराचेही नाव गोरेगावच आहे, परंतु दोन्हींकडील मराठी एक नाही. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झाला. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने तेथील मराठवाडी बोलीत उर्दूतून आलेले शब्द रुळले आहेत. शिवाय वाशीम व यवतमाळ हे विदर्भातील जिल्हे लगत असल्याने वऱ्हाडी बोलीचाही संपर्क आहे.

अशा श्रोत्यांसाठी बोलीची नक्कल करणारा निवेदक निवडणे हा उपाय ठरत नाही. नाटक-चित्रपटांत ग्रामीण बोली दीर्घकाळ विनोदासाठी वापरली गेल्यामुळे तिची कृत्रिम नक्कल श्रोत्याला थट्टा वाटू शकते. साधी प्रमाण मराठी, संथ गती आणि स्थानिक व्यवहारातील शब्द यांचा मेळ घालणारे निवेदन अधिक ग्राह्य ठरते. निवेदक त्याच भागातील असल्यास त्याने आपली सहज वाणी कायम ठेवणे योग्य असते.

=== सुरक्षाविषयक सूचना ===

आवाजाची निवड केवळ अभिरुचीचा प्रश्न नाही, हे सुरक्षाविषयक निवेदनात दिसून येते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि ती केवळ भाषेशी संबंधित नव्हती. तथापि वेष्टनावरील बारीक मजकूर वाचू न शकणाऱ्या मजुरासाठी तोंडी सूचना किती आवश्यक आहे, हे तिच्यामुळे अधोरेखित होते. शेतकरी औषधाचे प्रमाण ‘एका पंपाला किती’ या हिशेबाने मोजतो आणि जमीन एकरात सांगतो. ‘प्रति हेक्टर’ असे प्रमाण घाईने वाचणारे निवेदन शुद्ध असूनही निरुपयोगी ठरते. म्हणून अशा कामात निवेदकाला संहितेतील अडचणी दाखवून देण्याची मुभा असणे महत्त्वाचे असते.

== निवडीची प्रक्रिया ==

निवडीचे सर्वसाधारण टप्पे पुढीलप्रमाणे असतात.

# श्रोतृवर्ग, प्रदेश, वापराचे माध्यम आणि मुदत निश्चित करणे.
# अनुवादित संहिता दुसऱ्या भाषातज्ज्ञाकडून तपासून घेणे आणि विशेषनामांच्या उच्चारांची यादी करणे.
# प्रत्यक्ष संहितेतील उतारा देऊन आवाज चाचणी घेणे. जुन्या कामाचे नमुने आवाजाची जात दाखवतात. नवी संहिता कशी वाचली जाईल हे त्यांवरून कळत नाही.
# निर्मितीशी हितसंबंध नसलेल्या मातृभाषक परीक्षकाचे मत घेणे. शक्य असल्यास अपेक्षित श्रोत्यांपैकी काहींना नमुना ऐकवून त्यांना काय समजले हे त्यांच्याच शब्दांत विचारणे.
# मानधन, वापराचे क्षेत्र, कालावधी व दुरुस्त्या यांबाबत लेखी करार करणे.
# ध्वनिमुद्रणाच्या वेळी भाषेचा जाणकार उपस्थित ठेवणे, कारण चित्रफितीशी जुळवणी पूर्ण झाल्यानंतर चूक सुधारणे खर्चिक असते.

== यंत्रनिर्मित आवाज ==

लिखित मजकुराचे संगणकाद्वारे वाणीत रूपांतर करण्याचे तंत्र मराठीतही उपलब्ध आहे. भारतीय भाषांतील अशा सुविधांसाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. वारंवार बदलणाऱ्या उद्घोषणांसाठी हे तंत्र सोयीचे आहे. मात्र लिपीत न दिसणारा च-ज-झ यांचा उच्चारभेद, संक्षेप आणि वाक्यातील जोर यांची तपासणी मातृभाषकाकडूनच करून घ्यावी लागते.

कलावंताच्या आवाजाची संगणकीय प्रतिकृती करण्यावरून कायदेशीर प्रश्नही उभे राहिले आहेत. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या विनापरवाना कृत्रिम वापराविरुद्ध त्यांना अंतरिम संरक्षण दिले. त्यामुळे ध्वनिमुद्रण कोणत्या कामासाठी वापरले जाईल आणि त्यावरून कृत्रिम आवाज तयार करण्यास संमती आहे किंवा नाही, हे करारात स्पष्ट नमूद करणे आवश्यक ठरले आहे.

== हे सुद्धा पहा ==

* डबिंग
* उपशीर्षक
* आकाशवाणी
* मराठी भाषा
* वऱ्हाडी बोली
* हिंगोली जिल्हा