पाण्याखालचा घाव
(द्वितीय वर्ष, कला)

बंदर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात ती जहाजे, उंच क्रेनी आणि धक्क्यावरची माणसांची लगबग. पण जहाज धक्क्याला लागायचे तर त्याच्या तळाखाली पुरेसे खोल पाणी हवे, आणि ही खोली पुष्कळदा माणसाने खडक फोडून मिळविलेली असते, हे किती जणांच्या ध्यानात येते? तळाशी चिखल किंवा वाळू असेल तर गाळ उपसणारी जहाजे ती उपसून टाकतात. पण खाली कातळ लागला तर? आपल्या मुंबई-कोकणच्या किनाऱ्याला तर हा प्रश्न पाचवीलाच पुजलेला आहे. भूगोलाच्या तासाला ज्याचे नाव आपण पाठ करतो तो दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, किनाऱ्याशी थांबत नाही. तो पाण्याखालीही पसरलेला आहे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने यंत्रांविषयी कशाला लिहावे, असे कुणी म्हणेल. माझे वडील पोकलेन चालवितात. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले. तीन वर्षांपूर्वी ते एका जेटीच्या कामावर पाण्याखालचा खडक फोडायला गेले आणि त्या कामाविषयी त्यांनी घरी जे सांगितले ते मला आमच्या कोणत्याच पुस्तकात सापडले नाही. तेव्हा ते येथे मांडावे असे वाटले.

पाण्यातला खडक काढण्याचा जुना उपाय म्हणजे सुरुंग. त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण कॅनडातील आहे. व्हँकूव्हर बेटाजवळच्या सेमूर सामुद्रधुनीत ‘रिपल रॉक’ नावाचा दोन शिखरांचा खडक होता. ओहोटीच्या वेळी त्याच्या उंच शिखरावर तीन मीटरही पाणी नसे, आणि भरती-ओहोटीचा प्रवाह तर एखाद्या पूर आलेल्या नदीला लाजवील असा. कित्येक जहाजे तेथे फुटली आणि शंभरावर माणसे दगावली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खडकावर तराफा आणून, तो लोखंडी दोरखंडांनी बांधून, वरून भोके पाडण्याचा प्रयत्न झाला. पण प्रवाहापुढे दोरखंड टिकेनात! ते पुन्हा पुन्हा तुटत. शेवटी अभियंत्यांनी पाण्यावरून जाण्याचा नाद सोडला. शेजारच्या बेटावर विहीर खणली, तेथून समुद्राच्या तळाखालून बोगदा नेला आणि खडकाच्या पोटात शिरून दारू भरली. ५ एप्रिल १९५८ रोजी सुमारे १,२७० टन स्फोटके एकदम उडविण्यात आली. कॅनडातील लोकांनी तो स्फोट दूरचित्रवाणीवर घरबसल्या पाहिला.

ही कथा रोमहर्षक खरी, पण मला तिच्यातला तुटलेला दोरखंड अधिक महत्त्वाचा वाटतो. खडक फोडण्याइतकी ताकद माणसाकडे तेव्हाही होती. नव्हती ती पाण्यावर स्थिर उभे राहण्याची सोय. जमिनीवर पहार मारणारा मजूर आधी पाय रोवतो. समुद्रात पाय कुठे रोवायचे?

सुरुंगाखेरीज दुसरा मार्गही जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुएझ कालव्यात, स्कॉटलंडच्या लॉबनिट्झ कंपनीने बांधलेल्या जहाजावरून, कित्येक टन वजनाचे टोकदार पोलादी दांडे उंच उचलून खडकावर सोडीत. त्यात गुरुत्वाकर्षण हाच हातोडा. आजचा हायड्रॉलिक ब्रेकर त्याच जातीचा, मात्र त्याचा घाव तेलाच्या दाबाने पडतो. १९६० च्या दशकात पश्चिम जर्मनीत व फ्रान्समध्ये हे यंत्र घडले आणि पुढे खोदाईच्या यंत्राच्या हाताला, बादली काढून, ते जोडण्याची पद्धत जगभर गेली. जाता जाता सांगते, आपण ज्याला सरसकट ‘पोकलेन’ म्हणतो ते मुळात पोक्लँ या फ्रेंच कंपनीचे नाव. भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांनी या शब्दाची नोंद घ्यावी!

ब्रेकरची रचना समजायला अवघड नाही. पोलादी नळकांड्यात एक जड पिस्टन असतो. तेलाचा दाब त्याला वर ढकलतो. वर कोंडलेला नायट्रोजन वायू स्प्रिंगसारखा दाबला जातो. मग तेलाची दिशा बदलताच पिस्टन वेगाने खाली येऊन छिन्नीच्या डोक्यावर आदळतो. मोठा ब्रेकर दोन-तीन टनांचा किंवा त्याहूनही जड असतो, त्याची छिन्नी माणसाच्या मांडीएवढी जाड, आणि मिनिटाला काही शे घाव पडतात. छिन्नी खडकावर घट्ट दाबलेली असेल तर घावाची सगळी शक्ती खडकात उतरते. ती दाबलेली नसेल तर तीच शक्ती यंत्राच्या अंगावर उलटते. असा हवेतला घाव वारंवार पडला तर ब्रेकरचे जाडजूड बोल्टही तुटतात.

आता हेच यंत्र पाण्यात बुडवा. पहिली अडचण येथेच सुरू होते. पिस्टन आणि छिन्नी यांच्यामध्ये जी पोकळी असते तिच्यात जमिनीवर हवा असते. पाण्यात तेथे पाणी शिरते. हवा दबते, पाणी दबत नाही. उखळात पाणी भरून त्यात मुसळ मारून पाहा. घाव तर बोथट होतोच, शिवाय पाणी कडेने उसळून तोंडावर उडते. ब्रेकरमध्ये त्या पाण्याला उसळायला जागा नसते. ते सीलमधून वाट काढते आणि तेलात मिसळते. खारे पाणी मिसळलेले तेल ताकासारखे पांढरे दिसते आणि ते सगळ्या यंत्रात फिरून पंपापर्यंत नासाडी करते.

उपाय असा, की त्या पोकळीत वरून नळीने सतत दाबाखालची हवा सोडायची. पाण्याचा दाब दर १० मीटर खोलीला सुमारे एक वातावरण इतका वाढतो, म्हणून आतली हवा त्या खोलीच्या दाबाहून थोडी जास्तच जोराची हवी. ब्रेकर पाण्याला टेकण्यापूर्वी हवा सुरू करायची आणि तो पूर्ण बाहेर आल्यावरच बंद करायची. मधे एक क्षणही खंड चालत नाही. पाणबुड्याला जसा वरून श्वास पुरवावा लागतो, तसाच या लोखंडालाही!

वडिलांच्या कामावर हा श्वास एकदा तुटला. हवेचा काँप्रेसर तराफ्याच्या दुसऱ्या टोकाला होता आणि त्यातले डिझेल संपले. यंत्राच्या आवाजात कुणालाच ते कळले नाही. पण बाबांची नजर पाण्यावर होती. ब्रेकरमधून निसटणारी हवा बुडबुड्यांच्या रूपाने वर येत असते. ते बुडबुडे थांबले. त्यांनी तत्काळ घाव बंद करून ब्रेकर वर घेतला. भरती चढत होती आणि कामाचे तास हातचे जात होते, म्हणून मुकादमाने “हवेवाचून चालव, पाचच मिनिटे,” असा धोशा लावला. बाबांनी नकार दिला. त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली गेली. पंप मात्र वाचला, आणि त्या पंपाची किंमत आमच्या घराच्या किमतीपेक्षा जास्त होती असे बाबा सांगतात. माझी त्या वर्षीची कॉलेजची फी त्याच मजुरीतून भरलेली आहे, म्हणून हा हिशेब मला विसरता येत नाही.

दुसरी अडचण म्हणजे दिसत नाही. जमिनीवर चालक छिन्नीचे टोक पाहतो, चीर कुठे पडली ते पाहतो, फुटेना तर अर्ध्या मिनिटाच्या आत जागा बदलतो. आपल्या किनाऱ्याचे पाणी गढूळ. हातभर खालचे दिसत नाही. हल्ली यंत्राच्या हातावर संवेदक बसवितात आणि उपग्रहावरून स्थान घेऊन छिन्नीचे टोक कुठे आहे ते चालकापुढच्या पडद्यावर दाखवितात. पण खडक फुटला की नाही हे पडदा सांगत नाही. ते बसल्या जागी अंगाला कळते, असे बाबा म्हणतात. खडक अभंग असेल तर हादरा मागे येतो. चीर गेली की हादरा मऊ होतो आणि छिन्नी किंचित खाली बसते. तेव्हाच थांबायचे, नाही तर पुढचा घाव पोकळीत.

तिसरी अडचण पुन्हा तीच, पाय रोवण्याची. यंत्र ज्या तराफ्यावर उभे असते त्याला चार कोपऱ्यांत लांब पोलादी खांब असतात. ते तळात रुतवून तराफा त्यांच्यावर थोडा उचलून धरतात, म्हणजे लाटेने तो हलत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते. साहजिकच सकाळी जी खोली होती ती दुपारी नसते. यंत्राचा हात कधी पुरतो, कधी पुरत नाही. दिवसाचे कामाचे तास घड्याळावर नव्हे, पंचांगातल्या तिथीवर ठरतात.

मग सुरुंगच का लावू नयेत? पुष्कळ ठिकाणी लावतातच. खडक अखंड, चिरा नसलेला असेल तर ब्रेकर दिवसभर ठोकूनही टवकेच काढतो. तेथे भोके पाडून सुरुंग लावण्यावाचून गत्यंतर नसते. पण शेजारी जुना धक्का असेल, त्याच्या दगडी पायापाशीच काम असेल, तर स्फोटाचा हादरा परवडत नाही. शिवाय पाण्यातून स्फोटाची लाट फार दूर जाते. माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. त्या लाटेने ती फुटते आणि मासे मरतात. ज्यांचे पोट त्या खाडीवर आहे त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ब्रेकरही निर्धोक नव्हे. त्याचा ठणठणाट दिवसचे दिवस चालतो, पाणी गढूळ होते, तेलाची नळी फुटली तर तेल समुद्रात जाते. तरी एका घावाचा मार थोड्या अंतरातच विरतो, आणि कोळ्यांची होडी जवळ आली तर हात थांबविता येतो. सुरुंगाची बत्ती एकदा दिली की दिली. माझा कौल, जेथे खडकाला चिरा आहेत तेथे तरी, ब्रेकरच्या बाजूने आहे.

फुटलेले दगड मग बादलीने उचलतात. विहिरीतली घागर पाण्यात असेपर्यंत हलकी लागते, तसाच काळा पाषाणही पाण्यात सुमारे एक तृतीयांश हलका होतो. पृष्ठभागावर आला की खरे वजन दाखवितो आणि बेसावध चालकाचा तराफा कलतो. सगळे उचलून झाल्यावर मोजणीची होडी फिरते. ती ध्वनिलहरी खाली सोडून तळाचा उंचसखलपणा टिपते. ठरलेल्या खोलीच्या वर एक हातभर सुळका राहिला तरी काम पुरे झाले असे धरत नाहीत, कारण जहाजाचा तळ फाडायला तेवढा सुळका पुरतो. बाबांच्या जेटीवर अशा मोजणीत सात सुळके निघाले. काँप्रेसर पुन्हा सुरू झाला, आणि ते सात फोडायला आणखी नऊ दिवस लागले.