अप्पांची खुर्ची

नाटकाचे नेपथ्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो सोफा, मागची खिडकी आणि बाजूचा जिना. असे दिवाणखाने पाहतच आपली पिढी वाढली. त्यामुळे नेपथ्याचे शिक्षण घेणारी, नांदगावची आमच्या गल्लीतली एक मुलगी सुटीत ‘नटसम्राट’चे पुठ्ठ्याचे मॉडेल घेऊन आली, तेव्हा मी आधी विचारले, ‘‘अगं, यात घर कुठे आहे?’’ त्या चिमुकल्या रंगमंचावर होती फक्त एक दाराची चौकट आणि एक आरामखुर्ची.

‘‘घर आहे की, काका. पण अप्पांचं नाही,’’ ती म्हणाली.

नाशिककर तात्यासाहेब शिरवाडकरांचे हे नाटक १९७० साली गोवा हिंदू असोसिएशनने रंगमंचावर आणले. डॉ. श्रीराम लागूंनी अप्पासाहेब बेलवलकर उभे केले. शेक्सपिअरच्या लिअर राजाने मुलींना राज्य वाटले, अप्पांनी मुलाला आणि मुलीला मिळकत. मग मुलाचे घर, लेकीचे घर आणि शेवटी उघडा रस्ता. हे सारे खऱ्यासारखे उभे करायचे तर टेम्पोभर सामान आणि पडद्यामागची ठोकाठोक आलीच.

हिची युक्ती साधी आहे. चौकट जागची हलत नाही, खुर्ची हलते. सुरुवातीला ती मधोमध, भर उजेडात. मुलाच्या घरी भिंतीकडे सरकते. लेकीकडे थेट दाराशी येते. शेवटी खुर्चीच नाही. अप्पा चौकटीबाहेर जमिनीवर, बूटपॉलिशवाल्या राजाच्या शेजारी. खुर्ची दर वेळी घरातलेच कुणीतरी उचलते आणि कारणही रास्तच असते. जायला-यायला अडचण होते, पाहुणे यायचेत, इकडे वारा बरा येईल.

मला ही कल्पना मोलाची वाटते ती यासाठीच. नंदा-शारदा, नलू-सुधाकर यांना दुष्ट ठरवून आपण प्रेक्षक सुटतो. पण पुष्कळशा शोकांतिका घरच्यांच्या सोयीतून घडतात. आमच्या नांदगावची कितीतरी मुले नाशिक-पुण्याला स्थिरावली. म्हातारी माणसे चार महिने याच्याकडे, चार महिने त्याच्याकडे. जेवणखाण, औषधपाणी सगळे वेळेवर. ‘तुम्हाला कुठे बसायला आवडेल?’ एवढेच कुणी विचारत नाही.

नट कुठे बसणार, हे नेपथ्यकार ठरवतो. घरातही ते कुणीतरी ठरवतच असते. आज रविवार, सगळे घरीच असाल. वडीलधाऱ्यांची खुर्ची पाच वर्षांपूर्वी कुठे होती आणि आज कुठे आहे, एवढे जरूर पाहा.