दोन प्रतिस्पर्धी आणि एक फंड

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आग कशी लागली, बंब कधी पोचले, सरकारनं काय जाहीर केलं, हे सगळं वाचून झालेलं आहे. ते पुन्हा उगाळत नाही. मला बोलायचंय ते नंतरच्या वाक्याबद्दल. नाटकवाल्यांवर संकट आलं की 'एक मदतीचा प्रयोग लावू' असं कुणी ना कुणी म्हणतंच. आणि ज्या माणसाचं नाव त्या वास्तूला आहे, त्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग मदतीचाच होता.

८ जुलै १९२१. मुंबईचं बालीवाला थिएटर. नाटक 'संगीत मानापमान'. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. एक गंधर्व नाटक मंडळीचा मालक, दुसरा ललितकलादर्शचा. दोघांच्या कंपन्या एकाच गिऱ्हाइकावर जगणाऱ्या, दोघांचे भक्त एकमेकांची तोंडं न बघणारे. एरवी हे दोघं एका रंगमंचावर उभे राहिले नसते. टिळक स्वराज्य फंडासाठी राहिले.

इथं एक बारकावा सहसा कुणी सांगत नाही. फंडासाठी एक कोटी जमवायचे ठरले होते आणि मुदत होती ३० जून १९२१ ची. म्हणजे प्रयोग झाला तेव्हा मुदत उलटून आठवडा झाला होता आणि कोटीचा आकडा गाठल्याचं जाहीरही झालेलं होतं. तरी मुंबई लोटली. तिकिटांचे दर त्या काळच्या मानानं अवाच्या सव्वा होते, तरी लोटली. मग लोक काय टिळकांच्या स्मृतीसाठी आले? काही आले असतील. बाकीचे निकाल लावायला आले होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याचं कारण संगीत नाटकाच्या घडणीतच आहे. त्यात आजच्या अर्थानं युगुलगीत क्वचितच. भामिनी आपलं पद म्हणते, धैर्यधर आपलं. एकाचं पद टाळ्या आणि वन्समोअर घेऊन संपतं, की त्याच तापलेल्या हवेत दुसऱ्याला उभं राहायचं असतं. बालगंधर्वांचा गळा मऊ, लडिवाळ, तालाशी खेळत समेवर अलगद येणारा. केशवरावांचा आवाज चढा, धारदार, तानेत तडफ असलेला. तुलना करू नका म्हटलं तरी प्रेक्षक करणारच. त्यात दोघांच्या पदांना एकाच माणसाच्या चाली. 'मानापमान'ची पदं १९११ साली गोविंदराव टेंब्यांनी बांधली आणि टेंबे मुळात पेटीवादक, तेही कोल्हापूरकडचेच. दोन गाजलेल्या गळ्यांच्या त्या सामन्याचा आखाडा एका पेटीवाल्यानं दहा वर्षं आधी आखून ठेवला होता, याची आठवण कोण काढतो? पाठोपाठ याच जोडीचं 'संयुक्त सौभद्र'ही झालं. ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव विषमज्वरानं गेले. वय अवघं ३१.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. पॅरिसमध्ये १८३७ च्या मार्चअखेर राजकुमारी बेल्जिओजोसो या इटालियन बाईंनी आपल्या दिवाणखान्यात मदतीची मैफल ठेवली. निधी इटलीतून परागंदा झालेल्या निर्वासितांसाठी, तिकीट ४० फ्रँक. वाजवणार होते फ्रान्झ लिस्ट आणि सिगिस्मोंड थालबर्ग. पॅरिसमध्ये तेव्हा या दोन पियानोवादकांचे तट पडले होते आणि वर्तमानपत्रांतून एकमेकांवर शाई उडत होती. थालबर्गची खासियत अशी, की मधली सुरावट दोन्ही अंगठ्यांत वाटून घ्यायचा आणि वर-खाली स्वरांच्या लाटा सोडायचा. डोळे मिटून ऐकणाऱ्याला तिसरा हात असल्याचा भास व्हावा. लिस्ट म्हणजे वादळच. दोघं एकत्र वाजले नाहीत, एकामागून एक वाजले. नेमकं आपल्या पदांसारखं. थालबर्ग जगातला पहिला पियानोवादक आणि लिस्ट एकमेव, हा निवाडा त्या बाईंच्या नावावर सांगतात. दोन्ही तट खूश, निर्वासितांची सोय झाली ती वेगळीच.

याच मैफलीसाठी बाईंनी आणखी एक घाट घातला होता. बेलिनीच्या ऑपेरातलं एक संचलनगीत घ्यायचं आणि सहा पियानोवादकांनी त्यावर एकेक आवर्तन रचायचं. लिस्ट, थालबर्ग, पिक्सिस, हेर्झ, चेर्नी आणि शोपाँ. रचना वेळेत पुरी झालीच नाही! कलावंतांकडून मदतीच्या कार्यक्रमासाठी काही लिहून घेणाऱ्या कोणत्याही संयोजकाला याचं नवल वाटणार नाही. पुढे लिस्टनं ती 'हेक्सामेरॉन' या नावानं स्वतः वाजवत नेली.

पियानोवर खऱ्या अर्थानं दोघं वाजवतात ती तऱ्हा वेगळी. एकाच पियानोपुढे, एकाच बाकावर दोघं बसतात. उजवीकडचा वरचे स्वर सांभाळतो, डावीकडचा खालचे. मधोमध एकाचा डावा हात आणि दुसऱ्याचा उजवा हात एकाच पट्टीसाठी येतात. कुणी आधी उचलायचा हे ठरवलेलं असावं लागतं. पायातलं पेडल सहसा खालच्या बाजूचा दाबतो, म्हणजे वरच्याचा सूर किती रेंगाळावा हे शेजारच्याच्या पायावर ठरतं. मोझार्ट लहानपणी बहिणीबरोबर असाच वाजवायचा. शूबर्टनं शेवटच्या वर्षात, १८२८ मध्ये, चार हातांसाठी रचलेली एफ मायनर फँटसी या प्रकारातली माझ्या लेखी सर्वांत मोठी चीज. या वादनात कुणी जिंकत नाही. कोणता सूर कुणाचा, हेही ऐकणाऱ्याला कळत नाही. म्हणूनच त्यावर तिकिटं खपत नसावीत.

तिसरी तऱ्हा साथीची. १९५२ साली व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन नेहरूंच्या निमंत्रणावरून भारतात आले, मुंबईसह मोठ्या शहरांत वाजवलं आणि उत्पन्न दुष्काळ निवारणासाठी दिलं. पियानोवर होते मार्सेल गझेल. त्या दौऱ्याच्या आठवणी मेनुहिन यांच्याच नावानं निघतात. वास्तविक बेथोवेननं आपल्या व्हायोलिन सोनाटांवर पियानोचं नाव आधी घातलेलं आहे. पण पेटीवाला असो की पियानोवाला, बसून वाजवणाऱ्याच्या वाट्याला पत्रिकेवर खालची ओळ येते.

आमच्या कळंब-वालचंदनगरच्या पट्ट्यात पियानो पाहिलेली माणसं थोडीच. आमच्याकडे पांढऱ्या-काळ्या पट्ट्या म्हणजे देवळातली भजनाची पेटी आणि कार्यक्रमातला कॅसिओ. पण मदतीचा कार्यक्रम म्हणजे काय, हे इथल्या माणसाला शिकवायला नको. शाळेची खोली, देवळाचा सभामंडप, कुणाचं ऑपरेशन. ऑर्केस्ट्रा नाहीतर लोकनाट्य ठरवायचं, तेही उसाचं बिल खात्यात पडल्यावर, कारण त्याआधी पाकिटात हात जात नाही. हिशेब बघितला की कळतं: मांडव, स्पीकर, जनरेटर, कलाकारांची गाडी आणि बिदागी, पाहुण्यांचे हार-तुरे, शाली, जेवणावळ. हे वजा जाता खोलीच्या पत्र्यांपुरतं उरलं तर नशीब. पुढच्या दोन रांगा पासवाल्यांच्या, आणि पास त्यांनाच, ज्यांना तिकीट परवडतं.

शहरातल्या 'सेलिब्रिटी नाइट'चं गणित याहून निराळं नाही, फक्त शाली महाग असतात. बाराजण येतात, एकेक गाणं म्हणतात, सत्कार घेऊन जातात. कुणाचीच कुणाशी गाठ पडत नाही. १९२१ मध्ये प्रेक्षकाला जे मिळालं ते दुसऱ्या कोणत्याही रात्री मिळणारं नव्हतं, म्हणून त्यानं खिसा मोकळा केला. फंडाचं निमित्त नसतं तर दोन्ही मालकांना आपापल्या कंपनीला तोंड दाखवणं कठीण होतं. फंडामुळं कुणी कुणाकडे गेलं असा बोल लागला नाही. मदतीच्या प्रयोगाचा खरा उपयोग हाच आहे, असं मी मानतो. पैसे काय, सरकारही देतं.

तेव्हा कोल्हापूरच्या नाट्यगृहासाठी किंवा गावच्या शाळेसाठी कुणी कार्यक्रम ठरवत असेल, तर बाराजणांना बोलावू नका. दोघांनाच बोलावा, जे एरवी एकत्र येत नाहीत असे. एकही पास काढू नका. जमा-खर्चाचा कागद आठ दिवसांत दारावर लावा. आणि वाचकहो, तुमच्याकडे तिकिटाचं पुस्तक घेऊन कुणी आलं, तर पैसे देण्याआधी त्या कागदाचं विचारा.